मॅग्नम विकून बत्तीस का घेतलं?

लग्नकार्यात, पिंपळगावच्या बाजार समितीत, परवान्याच्या नूतनीकरणाला गेलं की तिथल्या बाकावर, कुठेही हा प्रश्न येतो. "ताई, आप्पांचं मॅग्नम घरात होतं. ते विकून बत्तीस बोअर का घेतलंत?" आणि मी तोंड उघडायच्या आत विचारणाराच उत्तर देऊन मोकळा होतो, "बाईमाणसाच्या हाताला झेपत नाही म्हणा ते." मॅग्नम म्हणजे जोरदार काडतुसाचं रिव्हॉल्वर, बत्तीस म्हणजे लहान, सौम्य गोळीचं. इतकी वर्षं मी ऐकून सोडून दिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळं लिहिते.

झेपत होतं. आप्पा म्हणजे माझे सासरे. ते गेल्यावर वारस म्हणून परवाना माझ्या नावावर झाला, तेव्हा नेमबाजीच्या रेंजवर मी त्याच रिव्हॉल्वरने फायर केलं आहे. दहा मीटरवर पाचही गोळ्या थाळीएवढ्या जागेत बसवल्या आहेत. अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ उठला, तो दोन दिवसांत गेला. बाईच्या हाताचा इथे काही संबंध नाही. आणि उजेडात, कानाला मफ लावून, आधी ठरवून झाडलेल्या पाच गोळ्यांवरून कोणतं हत्यार घरात ठेवावं हे कळत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

ते रिव्हॉल्वर तुमच्यापैकी पुष्कळांनी आप्पांच्या कमरेला पाहिलं आहे. अमेरिकन बनावटीचं, .३५७ मॅग्नम, सव्वादोन इंची नळी, पाच गोळ्या, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. परदेशातून कायमचं परत आलेल्या एका गृहस्थांकडून त्यांनी ते रीतसर घेतलं होतं. तेव्हाची मी पूर्ण मॅग्नमच्या बाजूची. माझा युक्तिवाद असा होता, की हत्यार लहान, नळी आखूड, गोळ्या पाचच. मग निदान प्रत्येक गोळी तरी जोरदार नको का? हा युक्तिवाद वेडगळ नाही. त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे आजही नाही. जे आहे ते एका रात्रीचं आहे.

फेब्रुवारी होता, दिंडोरीकडचा आमचा द्राक्षांचा बाग तोडणीला आलेला. त्या हंगामात आसपास मोटारींच्या केबली आणि स्टार्टर चोरीला जात होते. दुसऱ्या दिवशी कंटेनर भरायचा म्हणून माल प्री-कूलिंगला, म्हणजे थंड करायला, लावलेला, आणि रात्री वीज गेली. जनरेटर का चालू झाला नाही ते बघायला आप्पा उठले. मी टॉर्च घेऊन मागे. पॅकहाउसमधून, म्हणजे माल भरायच्या जागेतून, जनरेटरच्या शेडकडे जाणाऱ्या दारात तीन माणसं उभी होती. एकाच्या हातात लोखंडी गज. आप्पांनी हटकलं, तसा गजवाला मागे सरायचा सोडून पुढे आला. आप्पांनी चाप ओढला.

आवाज म्हणून मला काही आठवतच नाही. छातीवर कुणी फळी मारावी तसं काहीतरी आदळलं आणि नळीच्या तोंडाशी पांढरापिवळा जाळ उठला. त्या उजेडात क्षणभर अख्खं पॅकहाउस दिसलं: क्रेटच्या थप्प्या, वजनकाटा, जमिनीवर सांडलेले पनेट (द्राक्षांचे प्लास्टिकचे डबे). मग काहीच दिसेना. टॉर्च चालू होता तरी दिसेना. कानात नुसती शिट्टी.

ती माणसं तेवढ्यात पळालेली होती, पण ते आम्हाला ठाऊक नव्हतं. पॅकहाउसच्या डाव्या अंगाला पत्र्याचं पार्टिशन होतं, मागून प्लाय मारलेला. त्याच्या पलीकडे सुरगाण्याहून तोडणीला आलेलं एक कुटुंब झोपायचं. आप्पांची गोळी गजवाल्याला चुकवून त्या पार्टिशनमधून गेली होती. पलीकडे हालचाल झाली, फटीतून काहीतरी सरकताना दिसलं, आणि आप्पा तिकडे वळले. हात पुन्हा ताठ झाला.

मी ओरडले, "आप्पा, थांबा, तिकडे माणसं आहेत!" मी त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होते. त्यांना ऐकूच गेलं नाही. पुन्हा ओरडले. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटत होता. शेवटी टॉर्च टाकून दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि खाली दाबलं. त्यांचं बोट चापावर होतं. ते आवळत चाललेलं मला माझ्या तळव्याखाली कळलं.

नंतर उजेड आणून पाहिलं. पत्र्याला बोटभर भोक, प्लायच्या पलीकडच्या बाजूला ढलप्या उडालेल्या, आणि समोरच्या विटेच्या भिंतीत, अंथरुणापासून वीतभर वर, गोळी रुतलेली. सहा-सात वर्षांची पोरगी अंथरुणात उठून बसली होती, कानांवर हात ठेवून. तिचा बाप एक शब्द बोलला नाही. त्याने अंथरूण गुंडाळलं, बायकापोरांना उठवलं आणि उजाडायच्या आत ती सगळी गावी निघून गेली. हजेरीचे पैसे मागाहून पोचते केले, पण पुढच्या हंगामाला ते आले नाहीत. आप्पांनी रात्रीच पोलिसांना कळवलं होतं. पंचनामा झाला, जबाब झाले.

गावात मात्र गोष्ट वेगळी झाली. तीन चोर आले, मॅग्नम वाजलं, चोर पळाले. तेही खरंच आहे. पळाले ते त्या आवाजानेच पळाले असतील, मी कशी नाही म्हणू? पण जे लोक मला "मॅग्नमने घर वाचवलं" म्हणून सांगतात, त्यांनी ती भिंत पाहिलेली नाही.

आप्पांचा उजवा कान त्या रात्रीपासून गेला. डॉक्टर म्हणाले, कानाची नस दुखावली आहे, भरून येणार नाही. शिट्टी शेवटपर्यंत राहिली. मे महिन्यात गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला जायचा त्यांचा नेम होता. तो सुटला, कारण लाउडस्पीकर लागला की शिट्टी वाढायची. एकाच गोळीत हे झालं.

तुम्ही म्हणाल, बत्तीसची गोळी पत्र्यातून गेली नसती का? गेली असती. पत्रा आणि प्लाय तिलाही थोपवत नाही. बंद जागेत बत्तीसचा आवाजही कानाला वाईटच. १४० डेसिबलच्या वरचा धमाका कानाला इजा करतो आणि बहुतेक सगळी हत्यारं त्या रेषेपलीकडची आहेत. पण आखूड नळीचं मॅग्नम १६० च्याही वर जातं, आणि डेसिबलच्या हिशेबात वीसचा फरक म्हणजे ध्वनीचा दाब दहापट. मी जे बघते ते हे, की पहिल्या गोळीनंतर माणूस ऐकायला आणि बघायला शिल्लक राहतो का. रेंजवर सगळे दुसरी गोळी किती लवकर सुटते याची चर्चा करतात. मला त्या रात्री दुसरी गोळी थांबवायची होती, आणि माझ्याकडे आवाज असून उपयोग नव्हता.

आता नळीचं. .३५७ मॅग्नम १९३५ साली आलं ते मोठ्या, जड रिव्हॉल्वरसाठी. जुन्या .३८ स्पेशलचं काडतूस तीनेक मिलिमीटर लांब केलं, म्हणजे ते जुन्या, कमी ताकदीच्या हत्यारात बसूच नये. त्यातली दारू सावकाश जळणारी, तिला जळायला नळीची लांबी लागते. १२५ ग्रेनची (आठेक ग्रॅमची) गोळी चार इंची नळीतून सेकंदाला चारशे मीटरच्या वर जाते; सव्वादोन इंचीतून साडेतीनशेच्या आसपास. वेग कमी झाला, मग उरलेली दारू कुठे गेली? ती नळीबाहेर जळते. मी पाहिलेला जाळ तोच. हाताला धक्का मॅग्नमचा, कानाला मॅग्नमचा, डोळ्यांना तर मॅग्नमपेक्षाही जास्त, आणि गोळीला मात्र त्याची पुरती ताकद नाही. तरीही ती बत्तीसच्या दुपटी-तिपटीने जोरदार असते, हे मी लपवत नाही. बत्तीसचं काडतूस १८९६ च्या सुमाराचं, दुबळं आहे. माझं ते दुबळेपण मला माहीत आहे.

परदेशात यावर सोपा तोडगा सांगतात: रिव्हॉल्वर मॅग्नमचं घ्या आणि त्यात .३८ स्पेशल भरा. सल्ला उत्तम आहे, पण आपल्याकडे परवान्यावर जे बोअर लिहिलंय त्याचीच काडतुसं दुकानदार देतो. मॅग्नमची काडतुसं परदेशी, मिळाली तर मिळाली, आणि किंमत अशी की सरावाला झाडायची छाती होत नाही. आप्पांनी वर्षानुवर्षं त्या हत्याराची तेलपाणी काळजी घेतली, झाडलं जेमतेम. बत्तीसची काडतुसं खडकीच्या कारखान्याची येतात आणि मी ती सरावाला वापरते. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मोठमोठे नेमबाज हेच .३२ लाँग वापरतात, आणि त्या स्पर्धेत मॅग्नमला परवानगीच नाही. नेमबाजांच्या मनाची तयारी करून घेणारे भीष्मराज बाम नाशिकचेच. त्यांच्या गावात तरी माणसांनी गोळीच्या आकाराआधी नेमाबद्दल विचारावं असं मला वाटतं.

मग दोन्ही का नाही ठेवलीत, असंही विचारतात. शस्त्र कायद्याच्या डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं चालतात. आधी तीन चालायची. एक जागा आप्पांच्या बारा बोअरच्या दुनळीची, ती मी सोडणार नाही. उरली एक. मॅग्नमला लाखांत किंमत आली, हे खरं. पैशासाठी विकलं नाही, हेही खरं.

निर्भीक या रिव्हॉल्वरबद्दलही सांगते, कारण मी तेच घेतलंय असं धरून चालतात. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यातून ते बायकांसाठी म्हणून आलं, पाचशे ग्रॅमचं. मी कानपूरचंच जरा जड, साधं बत्तीस घेतलं, सहा गोळ्यांचं. हलक्या हत्याराचा झटका जास्त, आणि पर्समध्ये घेऊन फिरायला मला ते नकोच होतं. आमच्या ओळखीच्या एका बिल्डरला खिशात मावेल असं अगदी हलकं मॅग्नम हवं होतं. साडेतीनशे ग्रॅमची तशी रिव्हॉल्वरं अमेरिकेत बनतात. त्यांवर कारखानाच बजावतो की १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी घालू नका, कारण तिने सिलिंडर, म्हणजे गोळ्या बसतात ती फिरती नळकांडी, लवकर झिजू शकतो. शिवाय धक्क्याने उरलेल्या काडतुसांतली गोळी पुढे सरकून सिलिंडर अडकू शकतो. पाच गोळ्यांचं हत्यार दुसरीलाच अडकलं तर त्या ताकदीचं करायचं काय?

बिबट्यासाठी विचारणाऱ्यांना माझं एकच उत्तर आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरी, उसात बिबट्या सगळीकडे आहे, भीती मलाही वाटते. तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, आणि अंधारात आखूड नळीने त्याला जखमी करून सोडलात तर सकाळी पाणी भरायला जाणाऱ्या माणसाचं काय होईल ते बघा. टॉर्च, आवाज, वनखात्याचा फोन. त्यासाठी माझ्याकडे मॅग्नमचा सल्ला मागू नका.

आणि तरीही मॅग्नम माझ्या मनातून पुरतं गेलेलं नाही. २००८ साली अमेरिकेत .३२७ फेडरल मॅग्नम हे काडतूस बाजारात आलं. ज्या लहान रिव्हॉल्वरमध्ये .३५७ च्या पाच गोळ्या बसतात त्यात याच्या सहा बसतात, गोळी बत्तीसपेक्षा कितीतरी जोरदार, आणि मुख्य म्हणजे त्याच हत्यारात साधं .३२ लाँगही चालतं. म्हणजे खडकीच्या काडतुसांवर सराव आणि गरजेला ताकद. हे वाचलं तेव्हा जुनी मी लगेच उठून बसली. मग लक्षात आलं, दाब .३५७ पेक्षाही जास्त, आखूड नळीत जाळ आणि आवाज त्याच जातीचा. मग पॅकहाउसमध्ये भरायचं काय, तो प्रश्न तिथेच. सिलिंडरमध्ये साधं बत्तीसच ठेवणार असेन तर .३२७ कशाला? आणि .३२७ भरणार असेन तर आप्पांचंच काय वाईट होतं? या दोन प्रश्नांत मी अजून अडकले आहे.

उद्या इथल्या एखाद्या कारखान्याने ते काढलं, तर मी बघायला नक्की जाईन. आधी रेंजवाल्यांकडे परवानगी मागेन, की एकदा अंधार पडल्यावर, आडोशाच्या शेडखाली, कानाला मफ लावून का होईना, झाडू द्या, आणि पहिल्या गोळीनंतर लगेच मागून कुणीतरी "थांबा" म्हणून टॉर्च मारा. मला तो टॉर्च दिसला तर पुढचं बोलू.