वासोटा: गडावर मुक्काम मिळतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

"गडावर तंबू, रात्री शेकोटी, सकाळी उठून नागेश्वराचं गुहेतलं देऊळ." सांगलीत बसून फोनवर हे ऐकलं आणि आम्ही चौघांनी पैसे भरून टाकले. वासोटा कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. तिथे रात्री राहायला सक्त मनाई आहे, अंधाराच्या आत जंगल सोडावंच लागतं. आमचा तंबू लागला बामणोलीत, शिवसागराच्या म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठी. तिथून गडाच्या पायथ्याला बोटीने जायचं असतं.

पण खरा घोळ बोटीचा. भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. पॅकेजवाल्याने ते पूर्ण आमच्याकडून घेतलं आणि सकाळी त्याच बोटीत आणखी पाच जण आणून बसवले. त्यांच्याकडूनही त्याने वेगळे पैसे घेतले होते. एका बोटीची दोनदा वसुली! वर त्या पाच जणांची वाट बघण्यात सातची बोट सव्वादहाला सुटली. पायथ्याच्या मेट इंदवलीपर्यंत दीड तास गेला. मग वनखात्याकडे नावं लिहिणं, सॅकमधलं प्लॅस्टिक मोजून देणं (परत येताना तेवढंच दाखवायचं). पायवाटेला लागलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

हा उशीर चढावर भोगला. ओढ्याजवळच्या मारुतीपासून गर्द झाडी आहे, चढ उभा असला तरी सावलीत निभतो. झाडी संपली की मात्र तापलेला कातळ आणि तुटक्या पायऱ्या. अंतर फार नाही, पण आमच्यातला रोज पळायला जाणारा गडी तिथं दोनदा बसला आणि दोघांचं पाणी संपलं. हा टप्पा अकराच्या आत पार करा. जमणार नसेल तर सरळ दुसरा दिवस धरा.

वर पोचल्यावर समोर जुना वासोटा नावाचा डोंगर आणि बाबूकडा! कोकणाच्या बाजूला तुटलेला तो कातळ बघत मी अर्धा तास पालथा पडून होतो. एवढ्यासाठी हे सगळं पुन्हा सोसेन. दुसऱ्या टोकाच्या माचीवरून नागेश्वर दिसत होता, पण बोटवाल्याने पाचला परत बोलावलेलं. फाट्यावरून तिकडे न वळताच उतरलो. ती चुटपुट अजून जात नाही.

तुम्ही जाणार असाल तर आदल्या रात्रीच बामणोलीत पोचा. दहा-बारा जण जमवा, बोट स्वतः ठरवा आणि किती तास थांबणार ते पावतीवर लिहून घ्या. ओळखपत्राची झेरॉक्स ठेवा. माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्या, टाक्यांच्या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात गड बंद असतो. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने उत्तम.

येताना कास केलं, बरं होतं.

जानेवारीत नागेश्वरासाठी पुन्हा जातोय, मध्ये कुणी पॅकेजवाला नाही. आम्ही चौघंच आहोत, बोटीत जागा आहे.