आतल्या बुटांनी टेकडीवर

जुलैअखेरीस जपानमधल्या कोची प्रांतातल्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात आले, प्राथमिक शाळेत सहायक इंग्रजी शिक्षिका म्हणून. चौदा दिवसांच्या आत पत्त्याची नोंद, कोणत्या वारी कोणता कचरा, हे सगळं जमत गेलं. सगळ्यात जपून शिकले ते बूट बदलणं. दारातल्या कप्प्यात बाहेरचे बूट ठेवायचे, पांढरे उवाबाकी, म्हणजे आत घालायचे बूट, चढवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं. उवाबाकीला बाहेरची माती लागता कामा नये. पाहुणी म्हणून आपलं चुकू नये याची मला फार काळजी होती.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी संपून शाळा भरली. मुलांशी ओळख होऊन तीनच दिवस झाले होते. सहावीचा तास चालू असताना स्पीकरवरून आवाज आला, ‘जिशिन देसु.’ भूकंप. सराव आहे हे सकाळीच सांगितलं होतं, तरी माझ्या पोटात गोळा आला. एका क्षणात तीस मुलं बाकांखाली गेली, बाकांचे पाय घट्ट धरून. कुणी हूं की चूं केलं नाही.

मी औसा तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर दोन वर्षांनी माझा जन्म. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपेतल्या माणसांवर कोसळलं होतं. आई कितीतरी वर्षं अंगणात पत्र्याखालीच झोपायची. तिच्या बोलण्यात भूकंप म्हणजे अंधार आणि आरडाओरडा. इथली ही शांतता मला कळेचना.

मग त्सुनामीचा इशारा. रांगा निघाल्या. मुलांना चार गोष्टी पाठ असतात: ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. पळायची मनाई इमारतीपुरती; बाहेर पडलं की टेकडीकडे धावायचं. सहावीच्या मुलांनी पहिलीतल्यांचे हात धरले. मी दारापाशी पोचले आणि सवयीने थांबले. बूट बदलायला वळले.

माझा हात कुणीतरी ओढला. सहावीतली एक मुलगी होती, वर्गात मान वर करून माझ्याकडे बघायलाही लाजणारी. तिच्या दुसऱ्या हातात पहिलीतला एक चिमुकला. ‘सेन्सेई, मोदोरानाई!’ बाई, मागे फिरायचं नाही. आम्ही तिघं त्याच पांढऱ्या बुटांनी डांबरी रस्ता ओलांडून चढ चढलो.

वर प्रत्येक वर्गशिक्षकाने मुलं मोजली, आकडा उपमुख्याध्यापकांना दिला. मग शिक्षकांची नावं. शेवटी, ‘कदामु सेन्सेई.’ मी कदम. ‘हाय’, म्हणजे ‘हजर’, म्हणताना माझा आवाज कापरा झाला. यादीत मी होते. खाली पॅसिफिक चमकत होता, इतका शांत की भीतीही वाटू नये. याच प्रांताच्या किनाऱ्यावर, कुरोशिओ या गावात, समुद्रतळाच्या नानकाई खंदकात मोठा भूकंप झाला तर 34 मीटर उंच लाट येऊ शकते, असा सरकारचा 2012 सालचा अंदाज आहे. ही मुलं तो आकडा ऐकतच वाढलीत.

परतल्यावर सगळ्यांनी दारात ओल्या फडक्याने बुटांचे तळवे पुसले. नियम मोडला म्हणून कुणाला काही वाटलं नव्हतं.

दुपारी सहावीवर पुन्हा तास होता. ‘माझी उन्हाळी सुट्टी’ हा ठरलेला विषय बाजूला ठेवून, वर्गशिक्षकांना विचारून, त्या चार सूचना आम्ही इंग्रजीत बसवल्या. ‘डोन्ट गो बॅक’ त्या मुलीने सगळ्यात मोठ्याने म्हटलं. फळ्यावर भारताचा नकाशा काढून मी किल्लारीबद्दल सांगितलं. जिथे माझं इंग्रजी त्यांना पुरेना तिथे वर्गशिक्षकांनी समजावलं. एकाने विचारलं, समुद्र किती लांब होता? समुद्र नव्हताच, म्हटल्यावर वर्ग गोंधळला. मग त्या मुलीने विचारलं, ‘सेन्सेई, फुतोनजवळ, म्हणजे गादीजवळ, बूट ठेवता ना?’ काचा फुटतात, अनवाणी बाहेर पडता येत नाही, हे तिने हातांनी करून दाखवलं.

रात्री जुने बूट धुऊन, पुसून, वर्तमानपत्रावर उशापाशी ठेवले. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या चटईवर, बूट ठेवताना अजूनही अवघड वाटत होतं. आईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही बोलली नाही. शेवटी म्हणाली, ‘आणि बॅटरी ठेवलीस का गं उशाला?’