ठाणे ते माळशेज: घाटात मिसिंग आणि विटकरी पडलेला प्लग

माळशेजचे धबधबे कुठे, भजी कुठली चांगली हे सांगणारे ढिगाने सापडतील. मी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वैशाखऱ्याच्या पुढच्या चढाबद्दल आणि पेट्रोलमध्ये ओतायच्या क्लीनरच्या एका बाटलीबद्दल लिहितोय, कारण त्या दोघांनी मिळून माझा शनिवार खाल्ला.

गाडी म्हणजे दीडशे सीसीची बाईक, एफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी), बीएस6. रोज घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामातून रांगणारी. पिकअप जरा कमी वाटला म्हणून ठाण्यातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. "इंजेक्टर चोकअप आहे साहेब. क्लीनर टाकतो, प्लगपण आतल्या आत साफ होतो." एक बाटली ओतली, आणखी दोन गळ्यात मारल्या आणि दर टाकीला एक टाका म्हणाला. बिल साडेअठराशे! प्लग, म्हणजे ठिणगी टाकून पेट्रोल पेटवणारा स्पार्क प्लग, उघडून बघण्याची तसदीसुद्धा घेतली नाही.

रस्ता नेहमीचाच: माजिवडा, भिवंडी बायपास, रांजनोली, दुर्गाडी, शहाड आणि मग मुरबाड रोड. साडेपाचच्या आत माजिवडा सोडा. उशीर केलात तर कोनगाव ते शहाड पूल ट्रेलरच्या मागे मागे धूर खात जाल. मुरबाड, सरळगाव, टोकावडे या पट्ट्यात गाडी मस्त पळाली.

चढ लागला आणि गाडी खोकायला लागली. तिसऱ्या गिअरमध्ये रेस पिळली की झटका, क्षणभर शांतता, परत झटका. यालाच मिसिंग म्हणतात. मागे एसटी हॉर्नवर हात ठेवून, डावीकडे कठडा, आणि वळणावर गाडी ऐनवेळी दम टाकतेय. फाटली होती, खोटं कशाला बोलू? कडेला घेतली तर आयडलिंग एकदम ठणठणीत, पुन्हा चढाला लावली की तेच रडगाणं. जागा बघून वळवली आणि सरळ खाली आणली.

घाटाखालच्या एका दुकानात म्हाताऱ्या मेकॅनिकने प्लग काढला. आतलं चिनीमातीचं टोक, जे फिकट तपकिरी असायला हवं, ते चक्क विटकरी लाल. त्याने नखाने खरवडलं, काही निघालं नाही. "दादा, हा कार्बन नाय. पेट्रोलमध्ये काय टाकलं?" बॅगेतली बाटली काढून दिली. पुढे मोठ्या अक्षरांत क्लीनर आणि बूस्टर. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत फेरोसीन.

फेरोसीन म्हणजे लोखंडाचं संयुग, ऑक्टेन वाढवायला वापरतात. जळल्यावर लोखंडाचा ऑक्साइड मागे उरतो आणि प्लगच्या टोकावर बसतो. तापला की तो थर वीज वाहून नेतो, मग ठिणगी गॅपमधून उडी मारण्याऐवजी त्या थरावरून सटकते. सपाटीवर चालून जातं. चढावर थ्रॉटल उघडा असतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि त्याच वेळी प्लग तापलेला असतो. म्हणून घाटातच मिसिंग. मँगनीजवाल्या बूस्टरनेही असाच लालसर थर बसतो.

नुसता क्लीनर मात्र वेगळा. पीईए, म्हणजे पॉलीइथरअमाईन असलेला क्लीनर इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरची घाण काढतो, जळून जातो, धातूची राख ठेवत नाही. बरोबर डोसमध्ये तो प्लगचं वाकडं करत नाही. पण प्लग साफ करण्यासाठी तो घेऊ नका, पैसे वाया. प्लगचं टोक साधारण 450 ते 500 अंशांच्या वर गेलं की काजळी आपोआप जळते. ट्रॅफिकमध्ये तेवढं तापत नाही म्हणून ठाण्यातल्या गाड्यांचे प्लग काळे. मुरबाड रोडवर तासभर नीट पळवा, फुकटात साफ होतील. लाल थर मात्र पळवून जात नाही, प्लगच बदलावा लागतो.

त्याच्याकडचा नवा प्लग 400 रुपयांना पडला. साधा निकेलचा, ठाण्यात दीडशेच्या आत मिळतो. पाकिटावरची एमआरपी पेनाने खोडलेली. मी तोंड उघडलं तर म्हणतो, "मग वतुरापर्यंत ढकलत न्या." म्हणजे घाटापलीकडच्या ओतूरपर्यंत! दिले. निदान त्याने रोग तरी बरोबर ओळखला, ठाण्यातल्यापेक्षा शंभर पटीने बरा.

म्हणून घाटात निघताना गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच नंबरचा एक प्लग आणि प्लगपाना डिक्कीत टाका. इंजिन गार झाल्याशिवाय प्लग काढू नका, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात. नवा प्लग हाताने पूर्ण बसवायचा, मग पान्याने अर्धा फेरा, बास. इरिडियमचा प्लग असणाऱ्यांनी तारेचा ब्रश लांब ठेवा, टोक बारीक असतं. क्लीनर टाकायचाच असेल तर बाटलीवर लिटरमागे किती मिली ते वाचा. मोटारीच्या 50 लिटरच्या टाकीसाठीची अख्खी बाटली आपल्या 12 लिटरमध्ये ओतली तर डोस चौपट होतो, आणि माझ्या गाडीत नेमकं तेच झालं होतं. ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीत टाका, धुऊन निघालेली घाण थोडीफार ऑइलमध्येही उतरते.

नव्या प्लगवर तोच घाट तिसऱ्या गिअरमध्ये हूं की चूं न करता चढली. बोगद्यातून बाहेर पडल्यावर मी हेल्मेटमध्ये मोठ्याने ओरडलो, ते असो. पिंपळगाव जोगा, लेण्याद्री, सगळं झकास झालं.

रविवारी परतताना चारच्या आत मुरबाड सोडा, नाहीतर शहाडला अंधार होईल. उरलेली बाटली सोमवारी गॅरेजवाल्याच्या काउंटरवर ठेवली. पैसे परत मिळाले नाहीत. "कंपनीचा माल आहे साहेब," म्हणाला, आणि माझ्या देखतच ती पुढच्या स्कूटरवाल्याला दाखवायला लागला.