गच्चीवरची मोरवेल : तिसऱ्या पावसानंतर

मंडळी, फुलली! काल सकाळी पाणी घालायला गच्चीवर गेले, तर टाकीच्या जिन्यापाशीच वास आला. मोगऱ्यासारखा अंगावर येणारा नव्हे. मधाच्या पोळ्याजवळ येतो तसा, गोडसर आणि हलका. मान वर केली, तर जाळीच्या टोकाला सगळा पांढुरका फेस!

नव्याने आलेल्यांसाठी : हिचं शास्त्रीय नाव क्लेमॅटिस गौरियाना. तिला मोरवेल म्हणतात, रानजाईही म्हणतात, पण ही दोन्ही नावं आपल्याकडे तिच्या भावंडांनाही सरसकट लावतात. म्हणून नावावर जाऊ नका, पान बघा. तीन खंडांचं लवदार पान असेल, तर ती क्लेमॅटिस हेनी. तिची फुलंही मोठी. माझ्या वेलीचं पान पिसासारखं विभागलेलं आहे आणि फूल नखाएवढं, पण घोस भरगच्च.

बी मुरबाडच्या मामेभावाच्या शेताच्या कुंपणावरचं. मोरवेल बघायची तर आपल्याला ठाण्याचं येऊर जवळ, पण तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथून काडीही आणायची नाही.

पहिल्या वर्षी फेब्रुवारीत १८ बिया पेरल्या. मार्च गेला, एप्रिल गेला, कुंडी कोरडी ठाक दिसायची. आईने त्यात कोथिंबीर टाकू का, असंही विचारलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ५ अंकुर वर आले. क्लेमॅटिसचं बी असंच, महिनोन्महिने घेतं. कुंडी रिकामी करायची घाई करू नका. त्या ५ पैकी ३ रोपं जुलैत कुजली. चूक माझीच, कुंडीखालची ताटली काढली नव्हती. ठाण्याच्या पावसात मुळं चार दिवस पाण्यात राहिली. उरलेल्या दोनांपैकी एक पहिल्या मजल्यावरच्या काकूंना दिलं. माझं आता २० इंची कुंडीत आहे : निम्मी लाल माती, बाकी शेणखत आणि जाड रेती, तळाला विटांचे तुकडे.

मी मोरवेलीकडे वळले ती एका नुकसानीमुळे. पाच वर्षांपूर्वी क्लेमॅटिसचा मोठ्या जांभळ्या फुलांचा संकर ऑनलाइन मागवला होता. मे महिना काही त्याने काढला नाही. मग वाचत गेले, तेव्हा कळलं की त्या संकरांना थंडीची विश्रांती लागते, ती आपण कुठून देणार? वाचताना पांढऱ्या, सुवासिक रानजातींचा इतिहास मात्र हाती लागला. भूमध्य समुद्राकाठची फ्लामुला सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या बागांत पोचली होती. आपल्या हिमालयातली मोंटाना १८३१ साली तिकडे गेली. तिचं श्रेय गव्हर्नर जनरल अ‍ॅम्हर्स्ट यांच्या पत्नी सारा यांना देतात. १९०० साली वनस्पती गोळा करणारे अर्नेस्ट विल्सन यांनी चीनहून आर्मंडी नेली. जपानची टर्निफ्लोरा अमेरिकेत बागेसाठी नेली, ती कुंपण ओलांडून रानात घुसली आणि आता तिथल्या पूर्वेकडच्या भागांत उपद्रवी ठरली आहे. आणि आपली गौरियाना? तिला वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी बंगालच्या जुन्या राजधानीवरून, गौडवरून, नाव दिलं, पण ती कुंपणावरच राहिली. घाटातल्या पावसात वाढणारी, उन्हाळा सोसणारी, सुवासिक वेल आपल्या नर्सरीत मागून मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता आधाराबद्दल, कारण मागच्या वर्षी मी इथेच फसले. मोरवेलीला तणावे नसतात. ती पानाच्या देठाने चढते. देठ कशाला टेकला की त्या बाजूला वळतो आणि दीड-दोन दिवसांत वेढा घालतो. मी जाड बांबू दिला होता. देठाला तो कवेतच घेता येईना, सगळी वेल खाली घसरून गुंता झाली. यंदा पेन्सिलीपेक्षा बारीक तारेची जाळी लावली आणि जून ते ऑक्टोबर एकदाही बांधावं लागलं नाही. मे महिन्यात गुडघ्याइतकी उंची ठेवून छाटली होती. फुलं नव्या फुटीवरच येतात, तेव्हा छाटणीला भिऊ नका. हातमोजे मात्र घाला; रसाने कातडीची आग होते, फोडही येतात.

काल एक कळी भिंगाखाली धरली. या फुलाला पाकळ्या नसतातच. आपल्याला पाकळ्या वाटतात ती चार निदलं, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी दलं. कळीत ती एकमेकांवर न चढता कडेला कड लावून मिटलेली असतात, शिवण घातल्यासारखी. शिवण उसवते, निदलं पार मागे वळतात आणि मधून पुंकेसरांचा झुबका बाहेर येतो. आठ वाजेपर्यंत सातेरी मधमाश्या आल्या होत्या, पायांना पराग चिकटवून घोसावरून घोसावर.

आता बियांची वाट. प्रत्येक बीला पिसासारखी शेपटी येईल, ती वाळून भुरभुरीत झाली की बी तयार. वाऱ्याने उडून जाण्याआधी मलमलीची पिशवी बांधणार आहे. ठाणे-कळव्यातल्या कुणाला हव्या असतील, तर जानेवारीत आठवण करा. काकूंच्या रोपाला अजून कळी नाही. त्यांच्या बाल्कनीत ऊन दुपारनंतरच येतं, तेच कारण असावं. रविवारी कुंडी हलवून बघू, असं ठरलंय.