आधी रस्ता ठरव, सायकल मग बघू

भाच्याला मालाडला माइंडस्पेस या ऑफिसांच्या संकुलात नोकरी लागली आणि पहिला पगार व्हायच्या आधीच साहेबांनी ठरवलं की ऑफिसला सायकलने जायचं. राहतो बोरिवली वेस्टला, शिंपोलीत, म्हणजे अंतर असेल आठ-नऊ किलोमीटर, रस्ता सगळा सपाट, आणि ट्रेनने जायचं तर घरून स्टेशनपर्यंत रिक्षा, मग मालाडला उतरून परत रिक्षाची लाइन, त्यामुळे विचार तसा काही वाईट नव्हता. मला फोन केला तो फक्त एवढंच विचारायला की "मावशी, ती जाड टायरवाली घेऊ की पातळ टायरची रेसिंगवाली?" मी म्हटलं जाणार कुठून ते सांग आधी. तर म्हणे मॅप लावेन ना. अरे लग्नाला जायचंय की ट्रेकला हे ठरल्याशिवाय कोणी चप्पल घेतं का?

तर रस्ता. बोरिवलीहून मालाडला वेस्टच्या वेस्टला जायचं तर ढोबळमानाने दोनच मोठे रस्ते, एसव्ही रोड आणि न्यू लिंक रोड. हायवे मी धरतच नाही, तिथे सायकल घालायची म्हणजे जिवावर उदार होणं, शिवाय रेल्वे ओलांडून ईस्टला जा आणि परत या. लिंक रोड रुंद आहे, मधून मेट्रो २एचे खांब गेलेत, बघून वाटतं वा काय मोकळा रस्ता. पण रुंद म्हणजे वेगवान, आणि सायकलवाल्याला जी डावी लेन मिळते तिच्यात रिक्षा थांबलेल्या, बस स्टॉप, पार्क केलेल्या गाड्या, त्यामुळे दर थोड्या वेळाने त्यांना वळसा घालायला उजवीकडे यावं लागतं आणि मागून गाड्या साठच्या स्पीडने येत असतात. एसव्ही रोड त्याच्या उलट, अरुंद, गजबजलेला, हॉर्नने कान किटतात, पण सगळंच रांगत असतं. माझं मत विचाराल तर गर्दीची भीती जरा जास्तच बाळगली जाते, खरं घाबरायचं ते तुमच्या आणि मागच्याच्या वेगातल्या फरकाला. तुम्ही पंधराने आणि बस पण पंधराने, तर ड्रायव्हरला तुम्ही दिसता तरी.

पण सगळ्यात चांगलं काय तर या दोन्ही रस्त्यांच्या अधेमधे जे आतले रस्ते आहेत ते जोडत जाणं, शिंपोलीतून महावीर नगर, डहाणूकरवाडी, पुढे मालाडला एव्हरशाईन नगरच्या बाजूने. मॅपवर गाडीचा मोड काढून चालायचा मोड लावा, बऱ्याच गल्ल्या तेव्हा कुठे दिसायला लागतात. अडचण एकच, उपनगरात नदीनाले आडवे येतात. कांदिवलीत पोयसर नदी आहे (हो, नदीच आहे ती, लोक नाला म्हणतात), तिच्यावर पूल मोजके, त्यामुळे छान शांत गल्लीतून जाता जाता शेवटी पुलासाठी मोठ्या रस्त्याला लागावंच लागतं. म्हणून मी त्याला सांगितलं, रस्ता एकूण कसा आहे ते बघू नकोस, त्यातली सगळ्यात बेकार जागा कुठली ते शोध आणि ती झेपत असेल तरच तो रस्ता आपला. आमच्या या रस्त्यावर ती जागा म्हणजे मीठ चौकी. मार्वे रोड आणि लिंक रोड तिथे भेटतात, सगळ्यांना सगळीकडे वळायचं असतं. तिथे हिरोगिरी करायची नाही, उतरायचं, झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल ढकलत न्यायची, दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

आणि ट्रायल घ्यायची ती कामाच्या दिवशी सकाळी नऊला. रविवारी सात वाजता कुठलाही रस्ता गोडच वाटतो.

आतल्या रस्त्यांवरही एक नवीन त्रास आहे, रिडेव्हलपमेंट. बोरिवली-कांदिवलीत दर दोन बिल्डिंग सोडून एक पाडलेली, त्यामुळे गल्लीबोळात सिमेंटचे मिक्सर आणि डंपर. त्यांच्या डाव्या बाजूला सिग्नलला घुसायचं नाही म्हणजे नाही, ड्रायव्हर उंच बसलेला असतो, त्याला तुम्ही दिसतच नाही आणि तो डावीकडे वळला की मागची चाकं आत येतात. दुसरं म्हणजे उभ्या गाड्यांपासून दरवाजाच्या लांबीइतकं तरी लांब चालवा, दरवाजा कधी उघडेल सांगता येत नाही. मागचा हॉर्न मारू दे, मारणारच.

सायकल ट्रॅकची वाट बघायची तर बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) बघितलंच आपण, ट्रॅक बांधला आणि त्याच्यावर गाड्या उभ्या राहिल्या.

हां, आता सायकल. फॅट टायर बाद, चार इंची टायर आणि वजन पंधरा-सतरा किलोच्या पुढे, ऑफिसला पोचेपर्यंत शर्ट पिळून काढावा लागेल. रेसिंगवाली पण बाद, पंचवीस एमएमचा टायर गटाराच्या जाळीत किंवा काँक्रीटच्या दोन स्लॅबमधल्या फटीत गेला की माणूस आडवा. मधलं काहीतरी हवं, हायब्रिड म्हणतात ती, सरळ हँडल, टायर पस्तीस ते चाळीस एमएम. पुढे सस्पेन्शन नको, दुकानदार तेच गळ्यात मारतो कारण दिसायला भारी, पण स्वस्तातलं सस्पेन्शन म्हणजे नुसतं वजन आणि एका पावसाळ्यात गंज. गिअर एकवीस लागत नाहीत, मागे सात असले तरी पूल चढायला पुरतात. ब्रेकच्या बाबतीत मात्र मी डिस्कच्या बाजूची, केबलवाली साधी डिस्क, कारण पावसात रिम ओली झाली की रबराचा ब्रेक उशिरा धरतो आणि आपल्याकडे चार महिने रिम ओलीच. मडगार्ड दोन्ही चाकांना. मागे कॅरिअर, कारण लॅपटॉपची बॅग पाठीवर घेतली की पाठ भिजलीच समजा. पुढे पांढरा लाइट, मागे लाल, आणि हेल्मेट, याच्यावर चर्चा नाही. आणि ट्यूब घेताना मोटरसायकलसारख्या जाड वॉल्व्हची घ्यायची, म्हणजे पेट्रोल पंपावरही हवा भरता येते, हे शोरूमवाले सांगत नाहीत.

नवीन घ्यायला मी नाहीच म्हटलं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये अख्ख्या मुंबईने सायकली घेतल्या होत्या (आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी जूनमध्ये अ‍ॅटलास सायकलचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, आमच्या बाबांची अ‍ॅटलास होती, असो), त्या सगळ्या आता बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या आहेत. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तर संध्याकाळपर्यंत तीन काकांचे फोन. फ्रेमचा साइज बघून एक पसंत केली, दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहिलं तर मधल्या दांडीला थोडी जागा उरायला हवी. टायर वाळून भेगाळले होते ते बदलले, केबल बदलल्या, चेनला तेल, नवीनच्या निम्म्यात काम झालं.

धो धो पाऊस लागला तर साचलेल्या पाण्यातून सायकल काढायची नाही, खाली उघडं मॅनहोल असलं तर कळणार नाही. अशा वेळी मेट्रो २एमध्ये सायकल घेऊन चढता येतं, ऐन गर्दीची वेळ टाळायची आणि घरी येताना शिंपोलीला उतरायचं.

सध्या गाडी अडलीय ती वेगळ्याच ठिकाणी. ऑफिसच्या बेसमेंटमधला पार्किंगवाला म्हणतो टू-व्हीलरचा स्टिकर लागेल, आणि स्टिकरच्या फॉर्मवर नंबर प्लेटचा रकाना सक्तीचा आहे. भाच्याने अ‍ॅडमिनला मेल टाकलाय, तोपर्यंत बाहेरच्या पानवाल्याच्या शेजारी खांबाला जाड कुलूप लावून उभी करतो.