बांधावरचं भांडण

परवा रात्री गावाकडून एक व्हिडिओ आला. आमच्या गल्लीतले दोन सख्खे भाऊ बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाताहेत, मागे केळीची बाग आणि मधे त्यांची म्हातारी आई, आमची काकू, हात जोडून उभी. खाली हसऱ्या चेहऱ्यांचे चार इमोजी. इथे स्टुटगार्टमध्ये बसून मी तो तीनदा पाहिला. मग वहिनीला फोन लावला, "मंग, काय व्हयनं?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकलाय. उन्हाळ्यात पहाटे बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा शिजायचा आणि ओल्या कापडावर बिबड्या थापता थापता साऱ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या निघायच्या. कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणी कुणाचं पाणी वळवलं. पण त्याच बायका दोन दिवसांनी त्या सुनेला समजावून आणायला जायच्या. काडी टाकून बाजूला होणारी एक बाईही होतीच. ती आली की आई विषय बदलायची.

जर्मनमध्ये कुचाळक्या करणाऱ्या माणसाला 'वाशवाइब' म्हणतात, म्हणजे धुणं धुणारी बाई. शब्द कळला तेव्हा मला गिरणा नदीचा काठ आठवला. ऑफिसातली कुजबुज म्हणजे 'फ्लूरफुंक', व्हरांड्यातला रेडिओ. दुसऱ्यांविषयी बोलण्याची ओढ इथेही तेवढीच आहे, आणि त्यात मला फार वाईट काही वाटत नाही.

बघ्यांचं मात्र वेगळं. अपघाताभोवती नुसते बघत राहणाऱ्यांना इथे 'गाफर' म्हणतात. असहाय माणसाची अवस्था दाखवणारा फोटो काढणं हा गुन्हा आहे. 2021 पासून अपघातातल्या मृतांचे असे फोटोही त्यात आले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. हे वाचलेलं होतं, तरी हात जोडलेली ती म्हातारी मी तीनदा पाहिली. व्हिडिओ काढणारा मधे पडला नाही, आणि मीही विचारलं ते पुढचं ऐकायलाच.

वहिनी म्हणाली, "पोलीसपाटील आले, सोडवलं." मग हळूच, "काकू दोन दिवस दाराबाहेर आली नाही. व्हिडिओ कुठवर गेलाय ते कळलंय तिला."

मी तो पुसून टाकला, पुढे कुणाला पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी काकूला फोन केला. भांडणाचा विषय काढलाच नाही. यंदा बिबड्या केल्या का, एवढं विचारलं.

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "आखाजीले (अक्षय्य तृतीयेला) ये वं माय, बांधी देसू."