पाऊण किलोचं गणित

घरगुती शिकवण्या घ्यायला लागले तेव्हा माझं वर्षभराचं नियोजन जूनमध्येच वहीत तयार असायचं. कोणत्या आठवड्यात कोणतं प्रकरण, कोणता सरावसंच, चाचणी कधी, सगळं. मुलं वेगळी, घरं वेगळी, पण सगळ्यांसाठी पान तेच. सातवीतल्या एका मुलीमुळे मला ती पद्धत सोडावी लागली.

परिमेय संख्या सुरू करायच्या म्हणून उजळणीला 1/2 + 1/4 दिलं. तिने वरचे अंक मिळवले, खालचेही मिळवले आणि उत्तर लिहिलं 2/6. मी छेद समान करायची रीत सांगितली. तिने पाच गणितं बिनचूक सोडवली, मी वहीत खूण करून पुढे सरकले. पुढच्या गुरुवारी पुन्हा 2/6.

तिच्या घरी पोळीभाजी केंद्र आहे, संध्याकाळी गिऱ्हाइकांना भाजी मोजून तीच देते. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "कुणी अर्धा किलो भाजी घेतली, वर आणखी पाव किलो मागितली, तर किती झाली?"

"पाऊण किलो." विचार करायलाही थांबली नाही. मग वहीकडे बघत राहिली. "ताई, सहातले दोन म्हणजे अर्ध्यापेक्षा पण कमी की!"

तो सगळा तास आम्ही सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच यांतच घालवला. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, म्हणजे वजाबाकी त्या शब्दातच आहे, हे तिनेच शोधलं. जुन्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे, पाठ केले होते. ते पाठांतर परत आणावं असं मला वाटत नाही, पण हे शब्द मुलांच्या तोंडी आजही आहेत आणि मी मात्र ते बाजूला ठेवून शिकवत होते, याचं वाईट वाटलं.

आता आदल्या रात्री मी एकच प्रश्न लिहिते. त्याखाली मूल देऊ शकेल अशी दोन-तीन उत्तरं, चुकीची धरून, आणि प्रत्येकापुढे मग काय करायचं ते. पहिली दहा मिनिटं मूल बोलतं, मी ऐकते. तासानंतर त्याचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवते, पुढचा प्रश्न त्यातूनच सुचतो. तयारीला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो.

दहावीच्या मुलांना एवढी मोकळीक देता येत नाही. बीजगणित आणि भूमितीचे 40-40 गुणांचे पेपर समोर असतात, वेळ दोनच तास. तिथे प्रकरणं ठरवून घेते, क्रम मात्र मुलाला निवडू देते.

पालकांना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. "पोर्शन कुठवर आला?" असं त्या मुलीच्या आईने विचारलं, तेव्हा मी दोन्ही वह्या पुढे ठेवल्या, आधीची आणि आत्ताची. त्यांनी पानं उलटून पाहिली आणि महिनाभर थांबायला तयार झाल्या.

वर्गविस्ताराच्या वेळी तिला 29 चा वर्ग करायला दिला. ती पुटपुटली, "एकोणतीस... एक उणे तीस." मग 30 − 1 लिहिलं, 900 मधून 60 वजा केले, 1 मिळवला. 841. पुढची गणितं तिनेच घातली, 39 आणि 59. 99 ला मात्र अडली, कारण नव्व्याण्णवमध्ये 'एकोण' कुठेच सापडेना.